ट्रॅकवरचा कॅमेरा : पकड पक्की असेल, तरच चित्रण कामाचे

ठाणे, प्रतिनिधी – साबणाच्या लहान वडीएवढा कॅमेरा मोटारसायकलवर बसवायचा, बटण दाबायचे आणि ट्रॅकवर उतरायचे, एवढे हे काम वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात ट्रॅकवर वेगाने धावणाऱ्या मोटारसायकलवरील कॅमेरा हा एकाच वेळी दोन गोष्टी असतो. नीट बसविला तर तो स्वाराचा शिक्षक ठरतो. सुटला तर मागून येणाऱ्या स्वारासाठी तो एक टणक, कोपरे असलेला दगड होतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण परिसरातून ट्रॅकवर सरावासाठी जाणाऱ्या हौशी स्वारांनी कॅमेरा कोणत्या कंपनीचा घ्यावा यापेक्षा तो बसवावा कसा, याचा विचार आधी करणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

ट्रॅक दूर, वेळ थोडा

ठाणे जिल्ह्यात मोटारसायकलच्या शर्यतींसाठी बांधलेला पूर्ण आकाराचा ट्रॅक नाही. देशातील जुना आणि नावाजलेला ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० मध्ये सुरू झाला. ३.७ किलोमीटर लांबीचा हा मार्ग आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट या नावाने ओळखला जातो. कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा आहे, तर ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१ किलोमीटरचे. याच बुद्ध सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. हे तिन्ही ट्रॅक ठाण्यापासून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर आहेत. राज्यात कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पण कोल्हापूरही ठाण्याहून सुमारे पावणेचारशे किलोमीटर.

म्हणजे शिळफाट्याच्या कोंडीतून रोज वाट काढणाऱ्या डोंबिवलीच्या एखाद्या तरुणाला वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच ट्रॅक लाभतो. त्यातही दिवसभर मोकळीक नसते. स्वारांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला साधारणपणे १५ ते २० मिनिटांची सत्रे मिळतात. रजा, प्रवास, प्रवेश शुल्क, चामडी पोशाख, टायर, पेट्रोल असा सगळा खर्च करून हाती पडतो तो तास-दीड तासाचा प्रत्यक्ष सराव. वळणावर ब्रेक कधी लावला, मान कुठे होती, थ्रॉटल कोणत्या क्षणी उघडला, हे त्या वेगात लक्षात राहत नाही. कॅमेऱ्याचे खरे मोल येथे आहे. ट्रॅकवरचा तास तो घरी आणतो. मात्र चित्र थरथरते असेल किंवा पहिल्याच वळणानंतर कॅमेरा आकाशाकडे वळला असेल, तर तो तास कायमचा हातचा गेला.

सुटलेला कॅमेरा, सुटलेला चेंडू

निक वुडमन यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ मध्ये बाजारात आला. तो फिल्मवर चालणारा होता आणि लाटांवर खेळणाऱ्यांनी मनगटाला बांधावा, अशी त्याची रचना होती. पुढे डिजिटल चित्रण आले आणि हे छोटे कॅमेरे सायकल, हेल्मेट, मोटारसायकल अशा सर्व ठिकाणी पोहोचले. डीजेआय आणि इन्स्टा३६० या चिनी कंपन्याही आता या बाजारात आहेत. कंपनी कोणतीही असली, तरी नेहमीच्या अॅक्शन कॅमेऱ्याचे वजन बहुधा दीडशे ग्रॅमच्या आसपास असते.

दीडशे ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, असे वाटू शकते. पण क्रिकेटच्या चेंडूचे वजनही सुमारे १५६ ते १६३ ग्रॅमच असते. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारसायकलवरून कॅमेरा निखळला, तर तो डांबरावर उसळतो आणि त्याचा वेग झपाट्याने कमी होतो. मागचा स्वार मात्र त्याच वेगाने त्याच्याकडे येत असतो. ही गाठ मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू थेट अंगावर यावा तशी असते. फरक इतकाच, की या चेंडूला कोपरे असतात आणि फलंदाजाच्या हातात बॅट नसते. तो हेल्मेटच्या काचेवर बसू शकतो, वळणात कललेल्या टायरखाली येऊ शकतो किंवा फुटून त्याचे तुकडे नेमक्या वळणाच्या रेषेवर पसरू शकतात. त्यानंतर सत्र थांबवून ट्रॅक साफ करावा लागतो आणि सर्वांचाच वेळ वाया जातो.

वाऱ्याचा जोरही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाला समोरून येणारी हवा अशा कॅमेऱ्याला साधारण पाव किलोच्या भाराएवढी मागे रेटते. वाऱ्याचा हा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी २०० किलोमीटरला तो पाऊण किलोच्या घरात जातो. त्यात भर पडते ती इंजिनाच्या कंपनांची, ब्रेकच्या झटक्यांची आणि रस्त्याच्या उंचसखलपणाची. गल्लीतून फेरी मारताना घट्ट वाटणारी पकड ट्रॅकवर का सुटते, याचे उत्तर या बेरजेत आहे.

जागा कोणती निवडावी?

कॅमेऱ्याच्या जागेचा निर्णय ‘कशासाठी चित्रण?’ या प्रश्नावर अवलंबून असतो. शिकण्यासाठी चित्रण हवे असेल, तर सर्वांत उपयुक्त जागा आहे मागची, म्हणजे शेपटीवर, पुढे तोंड करून. या जागेवरून स्वाराची पाठ, खांदे, डोके, वळणात बाहेर काढलेला गुडघा आणि समोरचा मार्ग हे सर्व एकाच चौकटीत दिसते. स्वार वळणाच्या आत झुकतो आहे की केवळ मोटारसायकल कलवतो आहे, त्याची नजर वळणाच्या शेवटाकडे आहे की पुढच्या चाकासमोर, हे लगेच कळते. कीथ कोड यांनी १९८० मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलमध्ये, मागे कॅमेरा बसविलेली मोटारसायकल विद्यार्थ्याला देऊन ते चित्रण नंतर प्रशिक्षकासोबत पाहण्याची पद्धत आहे. या शाळेची शिबिरे चेन्नईच्या ट्रॅकवरही झाली आहेत.

दुसरी चांगली जागा म्हणजे पुढच्या फेअरिंगच्या आत, काचेच्या मागे. येथे वाऱ्याचा मारा कमी असतो आणि समोरचा मार्ग स्वच्छ दिसतो. कॅमेरा मागे वळवून बसविला तर स्वाराचा चेहरा, हात आणि ब्रेकचा लिव्हर दिसतो. अनेक ट्रॅकवर आरसे काढून टाकावे लागतात. केटीएम आरसी ३९०, टीव्हीएस अपाचे आरआर ३१० किंवा यामाहा आर१५ यांसारख्या फेअरिंगच्या मोटारसायकलींवर आरशांच्या जागी बोल्टची भोके मोकळी होतात. त्या भोकांचा उपयोग करून बसविलेली धातूची पट्टी कोणत्याही चिकटपट्टीपेक्षा भरवशाची ठरते. अशी पट्टी ठाण्यातील वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसी परिसरातील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये मापानुसार करून घेता येते. पट्टीचे कोपरे गोल घासून घ्यावेत, हे मात्र कारागिराला आवर्जून सांगावे.

काही जागा टाळलेल्याच बऱ्या. टाकीच्या मधोमध कॅमेरा बसविला तर हात आणि मीटर छान दिसतात. पण जोरात ब्रेक लागल्यावर किंवा समोरून धडक बसल्यावर स्वाराचे शरीर टाकीवरूनच पुढे सरकते. तेथे टणक वस्तू असणे धोक्याचे आहे. शिवाय सरळ मार्गावर स्वार हनुवटी टाकीला टेकवून झुकतो, तेव्हा कॅमेरा मध्ये येतो. पुढच्या शॉकअपच्या खालच्या नळीवर बसविलेल्या कॅमेऱ्याचे चित्र थरारक दिसते. परंतु ही नळी चाकाबरोबर खालीवर होते, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक झटका स्प्रिंगने शोषण्याआधीच कॅमेऱ्याला बसतो. पकड सुटली तर कॅमेरा थेट चाकात अडकण्याचीही भीती असते. इंजिनाच्या खाली किंवा पायदांडीच्या बाहेर लावलेला कॅमेरा वळणात जमिनीला घासू शकतो. छातीवरच्या पट्ट्यातील कॅमेरा पडल्यावर बरगड्यांवर दाबला जातो.

कोणतीही जागा ठरविल्यानंतर एक साधी तपासणी करावी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. कॅमेरा, पट्टी किंवा दोरी कोठेही अडता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून धरून मोटारसायकल जोराने खाली दाबावी आणि शॉकअप दबल्यावर काय कोठे येते, ते पाहावे. मग पोशाख, हातमोजे आणि हेल्मेट घालून सीटवर बसावे आणि पूर्ण झुकून दोन्ही बाजूंना शरीर सरकवून पाहावे. घरच्या कपड्यात न अडकणारा कॅमेरा चामडी पोशाखाच्या पाठीवरील उंचवट्याला किंवा कोपराला हमखास अडकतो.

चिकटपट्टी, बोल्ट आणि दोरी

कॅमेरा बसविण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत : चिकटणारी तळपट्टी, नळीला आवळणारा चिमटा आणि बोल्टने घट्ट केलेली पट्टी. हवेच्या दाबावर चिकटणारी रबरी वाटी मोटारीच्या काचेसाठी ठीक आहे. मोटारसायकलवर उष्णता, धूळ आणि कंपने यांमुळे तिच्यातील निर्वात जागा हळूहळू भरते आणि ती कोणतीही सूचना न देता सुटते. ट्रॅकसाठी ती वापरू नये.

चिकटणारी तळपट्टी स्वस्त आणि सोयीची असते, पण तिचे यश लावण्याच्या पद्धतीवर ठरते. जागा सपाट, गुळगुळीत आणि टणक असावी. खरबरीत प्लास्टिक, मॅट रंग किंवा नुकतेच पॉलिश मारलेला भाग यांवर ती नीट धरत नाही. मेण आणि सिलिकॉन असलेले पॉलिश हे चिकटपट्टीचे मोठे शत्रू आहेत. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी आणि नंतर तेथे बोटही लावू नये. पट्टी ठेवल्यावर किमान अर्धा मिनिट जोराने दाबून धरावी. या प्रकारच्या पट्टीला पूर्ण जोर यायला वेळ लागतो. वीस मिनिटांत तिची ताकद साधारण निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. म्हणूनच पिटमध्ये सत्राच्या दहा मिनिटे आधी लावलेली पट्टी म्हणजे निव्वळ जुगार. ठाणे-कल्याणच्या पावसाळी हवेत पृष्ठभागावर ओल राहते. अशा दिवसांत पट्टी घरात, कोरड्या जागी आणि निघण्याच्या तीन दिवस आधी लावणे शहाणपणाचे आहे. एकदा काढलेली पट्टी पुन्हा वापरू नये.

चिमटा वापरायचा तर नळीचा व्यास आणि चिमट्याचे माप जुळले पाहिजे. सैल चिमट्यात कागदाची घडी घालण्याची सवय घातक आहे. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पातळ तुकडा घातल्यास पकड वाढते आणि रंगही खरवडला जात नाही. बोल्टच्या पद्धतीत नायलॉनची कडी असलेला लॉकनट वापरावा किंवा आट्यांवर मध्यम ताकदीचा, पुन्हा उघडता येणारा थ्रेडलॉकर लावावा. प्लास्टिकच्या सुट्या भागांवर तो लावू नये, कारण काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. कॅमेऱ्यासोबत येणारा हाताने फिरवायचा स्क्रू कंपनांनी सैल होतो. तो किल्लीने घट्ट करून त्यावर आणि शेजारच्या भागावर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे दुरूनही कळते. गॅरेजमध्ये महत्त्वाच्या नट-बोल्टवर अशीच खूण करतात.

या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आणि अनिवार्य आहे, ती म्हणजे सुरक्षा दोरी. बारीक पोलादी तार किंवा मजबूत विणलेला दोर कॅमेऱ्याच्या चौकटीतून ओवून मोटारसायकलच्या सांगाड्याला बांधावा. दोरी ज्या तळपट्टीवर कॅमेरा आहे त्याच तळपट्टीला बांधली, तर पट्टी सुटताच दोन्ही एकत्र जातात. तेव्हा दोरीचे टोक स्वतंत्र जागी हवे. दोरी इतकी आखूड असावी, की लोंबकळणारा कॅमेरा चाक, साखळी किंवा स्वाराच्या पायापर्यंत पोहोचणार नाही. कॅमेरा कॅमेऱ्याच्याच कप्प्यात किंवा बंद चौकटीत असावा. चुंबकावर किंवा चटकन उघडणाऱ्या खटक्यावर ट्रॅकवर विसंबू नये.

चित्र का थरथरते?

घट्ट बसवूनही चित्र जेलीसारखे लवलवते, ही अनेकांची तक्रार असते. त्याचे कारण कॅमेऱ्याच्या आत आहे. या कॅमेऱ्यातील सेन्सर संपूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. एकच सिलिंडर असलेले इंजिन मिनिटाला ९ हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला १५० कंपने होतात. पहिली ओळ वाचून शेवटची ओळ वाचेपर्यंत कॅमेरा एखादा पूर्ण हेलकावा खाऊन येतो. परिणामी सरळ खांबही नागमोडी दिसतो.

यावर उपाय कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये कमी आणि बैठकीत अधिक आहे. कॅमेरा जितक्या लांब दांड्यावर, तितकी कंपने मोठी. बांबूच्या टोकाला बांधलेला झेंडा जसा अधिक हलतो, तसेच हे असते. म्हणून सांधे कमीत कमी ठेवावेत आणि दांडा आखूड असावा. शक्य तेथे तीन बाजूंनी आधार द्यावा. फेअरिंगचा पातळ पत्रा स्वतःच थरथरतो. त्याच्या मध्यापेक्षा बोल्टजवळचा भाग बरा. तळपट्टी आणि मोटारसायकल यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरचा टणक रबर घातला तर बारीक कंपने शोषली जातात. मात्र रबर फार मऊ असेल तर कॅमेरा डोलू लागतो. त्यासाठी घरापासून पेट्रोल पंपापर्यंतची छोटी चाचणीही पुरेशी असते.

हेच कारण मोबाइल फोनलाही लागू होते. मोटारसायकलच्या शक्तिशाली इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातील चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. फोन हँडलला अडकवून ट्रॅकवर चित्रण करण्याचा मोह त्यामुळे टाळावा. तो सुटला तर धोका वेगळाच.

सेटिंग कशा ठेवाव्यात?

सेकंदाला ६० चौकटी हा ट्रॅकसाठी चांगला मध्यममार्ग आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटारसायकल सेकंदाला ३३ मीटर जाते. तीस चौकटींच्या चित्रणात दोन चौकटींमध्ये ती मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. साठ चौकटींत हे अंतर जेमतेम ५५ सेंटीमीटर राहते. ब्रेकची खूण किंवा वळण घेण्याचा बिंदू शोधताना हा फरक मोठा ठरतो.

चित्र आपोआप स्थिर करण्याची सोय समाजमाध्यमांवरील चित्रणासाठी उत्तम असली, तरी अभ्यासासाठी ती कमीत कमी ठेवावी किंवा बंद करावी. ही यंत्रणा कॅमेऱ्याची हालचाल झाकते. आणि कॅमेरा मोटारसायकललाच बांधलेला असल्याने झाकली जाते ती मोटारसायकलची हालचाल. ब्रेकखाली मागचे चाक वळवळणे, वळणातून बाहेर पडताना हँडलला बसणारा झटका या खुणा नेमक्या पुसल्या जातात. अतिरुंद दृश्यकोनात वेग अधिक भासतो, पण समोरची वस्तू आहे त्यापेक्षा दूर दिसते. मार्ग तपासायचा असेल तर सरळ रेषा सरळ दाखवणारा पर्याय निवडावा.

चार-के चित्रण साठ चौकटींनी केल्यास, सेकंदाला १०० मेगाबिट या दराने २० मिनिटांचे सत्र सुमारे १५ गिगाबाइट जागा घेते. दिवसभरासाठी पुरेल इतके कार्ड आणि दोन जादा बॅटऱ्या सोबत असाव्यात. उभ्या मोटारसायकलवर, वारा नसताना, उन्हात हे कॅमेरे तापून बंद पडतात. म्हणून पिटमध्ये परतल्यावर कॅमेरा बंद करून सावलीत ठेवावा. चित्रण पिटमधून निघण्यापूर्वी सुरू करावे आणि परतल्यावरच थांबवावे. धावत्या मोटारसायकलवर एक हात सोडून बटण चाचपणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

हेल्मेट हे हेल्मेटच राहू द्या

अनेकांना सर्वांत सोपी जागा वाटते ती हेल्मेटची. पण हेल्मेटचे कवच गोल आणि गुळगुळीत असते ते केवळ दिसण्यासाठी नव्हे. पडल्यावर डोके रस्त्यावर घसरत जावे, अडकू नये, हा त्यामागचा हेतू आहे. बाहेर आलेला टणक भाग रस्त्याला अडकला तर डोक्याला आणि मानेला पीळ बसतो. थेट आघात झाला तर सगळा जोर एका लहान जागी एकवटतो. भारतात १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. हे चिन्ह चाचणी झालेल्या मूळ हेल्मेटला असते, त्यावर नंतर चिकटविलेल्या कॅमेऱ्यासह नव्हे. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवरील कॅमेऱ्यांविरुद्ध कारवाईचे पाऊल उचलले होते. अनेक ट्रॅकवरही आयोजक हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला परवानगी देत नाहीत. मोटारसायकलवरील कॅमेऱ्यालाही तपासणीच्या वेळी मंजुरी घ्यावी लागते. ट्रॅक नोंदवतानाच नियम विचारून घेतले, तर ऐनवेळी कॅमेरा पेटीत ठेवण्याची वेळ येत नाही.

चित्रण पाहायचे कसे?

चित्रणाचा उपयोग मित्रांना दाखविण्यापुरताच झाला, तर एवढ्या खटाटोपाचे फळ अर्धेच मिळाले. घरी संगणकावर एकाच वळणाच्या तीन-चार फेऱ्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. प्रत्येक फेरीत चार क्षण नोंदवावेत : ब्रेक लावला तो, वळण घेतले तो, वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ आला तो आणि थ्रॉटल पूर्ण उघडला तो. हे क्षण दर फेरीत वेगवेगळ्या जागी येत असतील, तर अडचण वेगाची नसून सातत्याची आहे. चांगले स्वार आधी एकसारखी फेरी मारायला शिकतात आणि मग ती वेगवान करतात.

महागड्या उपकरणांविना वेगही काढता येतो. समजा, ट्रॅकच्या कडेला ५० मीटर अंतरावर दोन खुणा आहेत. साठ चौकटींच्या चित्रणात पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत ९० चौकटी मोजल्या, तर वेळ दीड सेकंद; म्हणजे सरासरी वेग ताशी १२० किलोमीटर. दुसऱ्या फेरीत त्याच अंतराला ९६ चौकटी लागल्या, तर वेग नेमका ताशी साडेसातने घटून ११२.५ वर आला, हे कागदावर मांडता येते. आवाजही पुष्कळ सांगतो. वळणाच्या मध्यावर इंजिनाचा सूर क्षणभर पडला, तर तेथे स्वाराचा हात कचरला आहे.

रस्ता म्हणजे ट्रॅक नव्हे

घोडबंदर रोडवर अवजड वाहनांची अखंड रांग असते, येऊरच्या रस्त्यावर पहाटे फिरायला येणारे असतात, कल्याण-शीळ रस्त्यावर रिक्षा, बस आणि पादचारी एकाच वेळी वाट शोधत असतात. येथे ट्रॅकचा सराव करणे हा सराव नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार परवानगीविना रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे, तर बेदरकार वाहन चालविणे कलम १८४ खाली येते. अशा वेळी मोटारसायकलवरचा कॅमेरा स्वाराविरुद्धच पुरावा ठरू शकतो.

विम्याची बाबही आधी समजून घ्यावी. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यती आणि वेगचाचणीसाठी केलेला वापर वगळलेला असतो. ट्रॅकवर मोटारसायकलचे नुकसान झाले तर भरपाई मिळेल, असे गृहीत धरू नये. कल्याण किंवा ठाण्याहून रेल्वे पार्सलने मोटारसायकल पाठविणाऱ्यांनी पेट्रोलची टाकी रिकामी करण्याबरोबरच कॅमेऱ्याच्या पट्ट्या आणि दांडेही काढून ठेवावेत. चढउतारात ते वाकतात आणि वाकलेला भाग ट्रॅकवरच तुटतो.

ट्रॅकवर उतरण्यापूर्वी

– चिकटपट्टी तीन दिवस आधी लावली आहे का? कडा कोठे उचललेल्या नाहीत ना?
– प्रत्येक बोल्टवरील रंगाची रेघ जुळते का?
– सुरक्षा दोरी तळपट्टीला नव्हे, सांगाड्याला बांधली आहे का? ती चाकापर्यंत पोहोचत नाही ना?
– हँडल पूर्ण वळते का? शॉकअप पूर्ण दबल्यावर काही अडत नाही ना?
– कॅमेरा हाताने जोरात हलवल्यावर संपूर्ण मोटारसायकल हलते का? फक्त कॅमेरा हलला तर पकड अपुरी आहे.
– भिंग पुसले, कार्ड रिकामे केले, बॅटरी भरली का?
– आयोजकांची परवानगी घेतली का?

प्रत्येक सत्रानंतर हीच यादी पुन्हा तपासावी, कारण सकाळी घट्ट असलेला स्क्रू दुपारपर्यंत सैल होतो. यातील एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असे आले, तर त्या सत्रापुरता कॅमेरा पेटीत ठेवावा. चित्रण पुढच्या सत्रात करता येते. मागून येणाऱ्या स्वाराला मात्र पुढच्या मोटारसायकलवरील पट्टी कधी लावली, हे ठाऊक नसते. तो केवळ विश्वासावर मागे येत असतो.